फोर्ड फोकस ऑटोमॅटिक (अमेरिका, 2012 ते 2018): जुनी घ्यावी का?
वळणावर ही गाडी त्या काळच्या कोरोलापेक्षा कितीतरी सरस. घात केला तो गिअरबॉक्सने. पॉवरशिफ्ट या फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये 6 गिअर आणि 2 क्लच, तेही कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून तेल झिरपून क्लचवर आलं की रांगत्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. मग नुसता क्लच बदलून भागत नाही, सीलही बदलावं लागतं. गिअरबॉक्सचं कंट्रोल मॉड्यूल (त्याला चालवणारा संगणक) बिघडलं तर भर रस्त्यात गाडीची ओढच जाते, आणि हे फार गंभीर आहे. टोयोटाने 2014च्या कोरोलाच्या बहुतेक प्रकारांत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. चालवायला नीरस, पण भरवशाचा. छोटी गाडी घेणाऱ्याला हेच हवं असतं. ट्रायलला गाडी पूर्ण गरम होऊ द्या, मग हळूहळू रांगवून पाहा. मॅन्युअल फोकस मिळाली तर मात्र जरूर घ्या.