‘स्पॅझम’ला मराठीत काय लिहाल: पेटका, उसण की झटका?

कंबरदुखीच्या रिपोर्टवर ‘मसल स्पॅझम’ असं आलं आणि मोबाइलनं त्याचं मराठी केलं, ‘स्नायूंचे झटके’. शेजारच्या यंत्रमागवाल्या मामांच्या घरी त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. सोलापुरात ‘झटका आला’ म्हटलं की ऐकणारा थेट हृदयावर जातो, नाहीतर फिटवर. मामांची नुसती कंबर धरली होती.

पेशंटसाठी मराठीत लिहायचं असेल, तर आधी दुखतंय कुठं ते बघा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओढणं. स्नायू मनाविरुद्ध एकदम आवळला की तो स्पॅझम. मग तो पोटरीचा असो, आतड्याचा असो की श्वासनळीचा. मराठी मात्र जागा विचारल्याशिवाय शब्द देत नाही.

पोटरीला पेटका किंवा गोळा. दिवसभर यंत्रमागापुढं उभा राहिलेला माणूस रात्री दोनला ओरडत उठतो, पोटरीत लिंबाएवढी गाठ हाताला लागते, बायको पायाची बोटं नडगीकडं ओढून धरते, तेव्हा कुठं ती सुटते. बोलताना मला ‘गोळा’च आवडतो. लिहायला पेटका बरा, कारण पोटात गोळा येतो तो भीतीनं.

कंबर-पाठीला उसण. नळाच्या दिवशी घागर उचलताना भरते तीच. दुसरा शब्द शोधूच नका. खोकल्याला उबळ. पोटाला मुरडा लिहिलंत तर पेशंट म्हणेल, “जुलाब नाहीत हो मला.” तिथं ‘पीळ पडतो’ चालेल.

कोशातला ‘आक्षेप’ शुद्ध आहे, पण सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि दवाखान्यात मराठी बोलणाऱ्या माणसाला वाटेल, डॉक्टरांचीच काहीतरी हरकत आहे.

मग झटके कुठंच नकोत? एका ठिकाणी हवेतच. तान्ह्या बाळांचा ‘इन्फंटाइल स्पॅझम’ हा मेंदूचा आजार, फिटचाच प्रकार. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरानं १८४१ साली स्वतःच्या मुलाचा हा आजार लिहून ठेवला. बाळ क्षणभर पुढं दुमडतं, सैल पडतं, पुन्हा दुमडतं, असं ओळीनं. बऱ्याचदा झोपेतून उठल्या उठल्या. घरचे पोटदुखी समजून बेंबीला हिंग लावत बसतात. तिथं ‘पेटका’ लिहिलंत तर आणखी चार दिवस हिंगच लावतील.