ऑपरेशनआधी हिपॅटायटिस सी: अँटीबॉडी की आरएनए?
नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा की धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात, ऑपरेशनआधी हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची अँटीबॉडी टेस्ट बहुधा लिहून मिळतेच. स्वस्त, निकालही लगेच. पण ती विषाणू नाही, त्याच्या पाऊलखुणा, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रथिनं दाखवते. बऱ्या झालेल्या माणसातही पॉझिटिव्ह येते. आरएनए टेस्ट, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, महाग, पण विषाणू आत्ता रक्तात आहे का, ते तीच सांगते. चाळणीला पहिली पुरे. घोळ पुढे होतो: फाइलवर पॉझिटिव्हचा लाल शेरा, टाके निघाले की पेशंट काटोलला घरी, आरएनए राहूनच जाते. अन् इलाज तर आहे! सोफोसबुव्हिर-डाक्लाटास्व्हिरच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे. ९० टक्क्यांहून जास्त बरे होतात. २०१८ च्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत आहेत. माझं मत, डिस्चार्जआधीच आरएनएसाठी रक्त देऊन टाका.