पहिला लेझर कोणता घ्यावा: यॅग, ग्रीन की एसएलटी?

नेत्रविभागासाठी पहिला लेझर घ्यायचा म्हटलं की समोर तीन पर्याय येतात: १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड (साठवलेली ऊर्जा एका अतिलहान झटक्यात सोडणारा) यॅग, ५३२ नॅनोमीटरचा ग्रीन आणि ५३२चाच एसएलटी (काचबिंदूसाठीची सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी करणारा). तिन्हींच्या पोटात बहुधा निओडिमियम मिसळलेला स्फटिकच असतो. ग्रीन आणि एसएलटीमध्ये केटीपीसारखा आणखी एक स्फटिक तरंगलांबी निम्मी करतो, एवढंच. तरीही एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. निवड करताना बहुतेकांची नजर तरंगलांबीवर जाते. आमच्या मते आधी पाहावा तो पल्सचा कालावधी, म्हणजे एका शॉटचा प्रकाश किती वेळ टिकतो ते.

साधा हिशेब करून पाहा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर धूसर झालेलं मागचं कॅप्सूल (लेन्सचं पातळ आवरण) कापताना यॅगचा एक शॉट साधारण १.५ मिलीजूलचा असतो आणि ४ नॅनोसेकंदांत संपतो. डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) ग्रीनचा एक डाग द्यायला २०० मिलीवॅट आणि ०.१ सेकंद लागले, तर ऊर्जा झाली २० मिलीजूल. म्हणजे ग्रीनने तेरापट जास्त ऊर्जा ओतली. पण यॅगची त्या क्षणाची शक्ती पावणेचार लाख वॅटच्या आसपास जाते, तीही ८ ते १० मायक्रॉनच्या ठिपक्यात. तिथे प्लाझ्मा तयार होतो, आघातलहर उठते आणि ऊती फाटते; तिच्यात रंगद्रव्य असो वा नसो. ग्रीनचं तसं नाही. मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषून तापतात आणि आसपासची ऊती भाजली जाते. म्हणून पारदर्शक कॅप्सूल ग्रीनने कापता येत नाही, आणि पडद्यावर भाजून डाग देण्याचं काम यॅगच्या या पल्सने होत नाही. ती रक्तवाहिनीवर पडली तर रक्तस्रावच होतो.

एसएलटी या दोघांच्या मधला. रंग ग्रीनचा, पल्स यॅगसारखी: ३ नॅनोसेकंद, पण ठिपका ४०० मायक्रॉनचा पसरट. मेलॅनिनच्या कणातली उष्णता शेजारी झिरपायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो. त्याआधीच पल्स संपते, त्यामुळे फक्त रंगद्रव्य असलेल्या पेशींवर परिणाम होतो आणि डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी निचऱ्याची जाळी भाजत नाही. साध्या ग्रीनवर ‘एसएलटी मोड’ मिळेल का, असं विचारलं जातं. नाही मिळत, त्याला क्यू-स्विच असलेली वेगळी कॅव्हिटी (लेझर किरण तयार होतो तो भाग) लागते.

यॅग: ज्यांच्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया जास्त

इथे पहिली खरेदी यॅगचीच असावी. कॅप्सुलोटॉमी (कॅप्सूलला छिद्र पाडणं) ०.८ ते १ मिलीजूलपासून सुरू करावी आणि कॅप्सूल फाटत नसेल तरच ऊर्जा थोडी थोडी वाढवावी. ३ ते ४ मिलिमीटरचं छिद्र पुरतं. सगळ्यांत जास्त तक्रार येते ती कृत्रिम लेन्सवर पडलेल्या खड्ड्यांची, आणि त्याचं कारण बहुधा फोकस असतं. म्हणून यंत्र पाहताना पोस्टीरिअर ऑफसेट (फोकस नेमापेक्षा किती मागे पडेल ते) बदलता येतो का, हे आधी बघा. १०० ते ३०० मायक्रॉन मागे फोकस ठेवला की प्लाझ्मा लेन्सच्या मागे होतो आणि आघातलहर पुढे येऊन कॅप्सूल फाडते. नेम धरण्याचे दोन लाल (एमिंग) ठिपके कॅप्सूलवर नेमके एक व्हायला हवेत. आयपीस स्वतःच्या नंबरानुसार लावलेली नसली, तर ते एक झालेत की नाहीत हेच नीट कळत नाही. सुरुवातीचे शॉट मध्यापासून बाजूला द्यावेत, म्हणजे खड्डा पडलाच तर दृष्टिअक्षावर पडत नाही.

दुसरा त्रास डोळ्यातला दाब वाढण्याचा. ब्रिमोनिडिन किंवा अप्राक्लोनिडिनचा थेंब आधी आणि लगेच नंतर घालावा, तासाभराने दाब मोजावा. काचबिंदूच्या रुग्णात हे टाळून चालणारच नाही.

ग्रीन: मधुमेही पडद्याचं काम

इथे यॅगचा काही उपयोग नाही. जुन्या आर्गॉन लेझरला पाण्याचं कूलिंग आणि भारी वीजजोडणी लागे; आजचा डायोड-पंप्ड ग्रीन टेबलावर मावतो आणि साध्या प्लगवर चालतो.

पीआरपी (मध्यभाग सोडून पडद्यावर सगळीकडे डाग देणं) करताना चूक होते ती ठिपक्याच्या आकारात. यंत्रावर २०० मायक्रॉन लावले आणि वाइड-फील्ड कॉन्टॅक्ट लेन्स सुमारे दुप्पट वाढवणारी असली, तर पडद्यावर ४०० मायक्रॉनचा डाग पडतो. तोच नॉब तसाच ठेवून गोल्डमन थ्री-मिरर लावली, की डाग जेमतेम २१५ मायक्रॉनचा होतो आणि दर चौरस मायक्रॉनमागची शक्ती जवळजवळ साडेतीनपट होते. परिणाम ‘टक्’ असा आवाज, फुटलेलं ब्रुक्स मेम्ब्रेन (पडद्यामागचा पातळ थर) आणि रक्तस्राव. लेन्स बदलली की शक्ती खाली आणून पुन्हा वाढवत न्यायची, हा नियम यंत्राशेजारी लिहून लावावा.

पॅटर्न स्कॅनर (एका दाबात अनेक डाग ओळीने देणारा) घ्यावा का? रुग्ण जास्त असतील तर नक्की. २० मिलीसेकंदांच्या पल्समुळे दुखणं कमी होतं आणि वेळ वाचतो. मात्र हे डाग लहान राहतात, नंतर फारसे पसरत नाहीत. १०० मिलीसेकंदांच्या पद्धतीत १२०० ते १६०० डाग पुरत असतील, तर इथे त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात. तेवढ्याच आकड्यावर थांबल्याने उपचार अपुरा राहतो, आणि मग दोष यंत्रावर जातो.

काचाभद्रव्यात (पडद्यापुढच्या जेलीसारख्या द्रव्यात) रक्त असेल तर ग्रीन तिथेच शोषला जातो. शक्ती वाढवून उपयोग नाही, थांबावं किंवा ८१० नॅनोमीटरचा डायोड वापरावा.

एसएलटी आणि जोडयंत्र

उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी एसएलटीचं स्थान आता पक्कं आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लाइट चाचणीत आधी एसएलटी दिलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांना ३ वर्षांनीही थेंबांची गरज नव्हती. कोनाच्या ३६० अंशांत साधारण १०० शॉट, सुरुवात ०.८ मिलीजूलच्या आसपास, मग बारीक बुडबुडे दिसू लागेपर्यंत ऊर्जा वाढवायची. कोनात रंगद्रव्य दाट असेल तर ०.४पासून, नाहीतर दाब एकदम चढतो.

फक्त एसएलटी घेण्यापेक्षा यॅग-एसएलटी जोडयंत्र आम्हाला जास्त पटतं, कारण कॅव्हिटी एकच असते. ग्रीनही त्याच स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) आला तर आणखी फायदा आहे: जाड, गडद तपकिरी आयरिसमध्ये इरिडॉटॉमी (आयरिसला छिद्र पाडणं) करताना आधी ग्रीनने जागा पातळ करून घेतली आणि मग यॅगने आरपार गेलं, की रक्तस्राव कमी होतो. तोटाही तितकाच खरा: एक पॉवर सप्लाय गेला की तिन्ही कामं बंद. पर्यायी यंत्र जवळपास नसेल तर दोन वेगळी यंत्रं बरी.

बुबुळाच्या पारदर्शक भागाचा (कॉर्नियाचा) फ्लॅप कापणारा फेम्टोसेकंद लेझर या रांगेत धरू नये. त्याचा निर्णय चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियांच्या संख्येवरच व्हावा.

डेमोच्या वेळी यंत्राच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. रुग्णाचा डोळा असेल त्या जागी मीटर ठेवून किमान, मधली आणि कमाल ऊर्जा मोजून घ्या. यॅगची हवेत ठिणगी पडायला किती मिलीजूल लागतात ते नोंदवून ठेवा. काही महिन्यांनी तो आकडा वर सरकला तर ऑप्टिक्स घाण झालेत किंवा फोकस हललाय. ग्रीनचा फायबर कुठे घट्ट वळत नाही ना, आणि सुरक्षा फिल्टर सहायकाच्या ऑब्झर्व्हर ट्यूबमध्येही आहे ना, हे पाहा. गॉगल तरंगलांबी वाचूनच घ्या, ५३२चा गॉगल १०६४ला चालेलच असं नाही.