कृषी केंद्र: चालतं विकत घ्यावं की नवं थाटावं?

चालतं कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खत-कीटकनाशकाचं दुकान, घेण्याचा सौदा मार्च-एप्रिलमध्ये बसवावा. तेव्हा कापूस, तूर, चना विकून झालेला असतो, वसुली बरीच आटोपलेली असते आणि साठाही कमी असतो. ऐन मे अखेरीस कोणी घाईने विकायला काढलं, तर ठोकवाल्याचं किती थकलंय हे आधी विचारावं.

चालत्या दुकानाची मोठी जमा म्हणजे बाजाररस्त्यावरची जागा आणि ठोकवाल्याकडची ओळख. जुलैत युरियाची ओढ लागली की गाडी आधी जुन्या गिऱ्हाइकाकडे उतरते. नव्या दुकानदाराला रोख मोजूनही थांबावं लागतं, वर न खपणारा माल गळ्यात पडतो. एरवी 266 रुपये 50 पैशांच्या गोणीत हमाली जाऊन फारसं सुटत नाही, पण युरिया नसला की कास्तकार कीटकनाशकही दुसरीकडूनच नेतो.

विकणारे मात्र 'परवान्यासकट' किंमत सांगतात, तिथे सावध राहावं. बियाणं, खत आणि कीटकनाशक हे तिन्ही परवाने नावावरचे असतात, घेणाऱ्याला आपले नव्याने काढावेच लागतात. त्यामुळे कागदांच्या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच. खत विकताना गिऱ्हाइकाचा अंगठा घेऊन नोंद करतात त्या पॉस मशीनवरचा खतसाठा गोदामातल्या गोण्यांशी जुळतो का, ते टोकन देण्याआधी पाहावं. अंगठा न घेता विकलेल्या गोण्या मशीनवर शिल्लक दिसतात. तो फरक विकणाऱ्यानेच मिटवून द्यावा. जीएसटीची मागची थकबाकीही तपासावी. कलम 85 प्रमाणे ती विकणारा आणि घेणारा या दोघांवरही येते, मग हिशेब सौद्यानंतर का निघेना.

साठ्याचा भाव बिलावरून करू नये. सोयाबीनचं शिल्लक बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवसांनी मोजावेत. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं म्हणून धरूच नये. कीटकनाशकाच्या प्रत्येक खोक्याची मुदत पाहावी. हंगामाआधी संपणाऱ्या मालाचा भाव शून्य.

माझा कौल ठरला तो मात्र उधारीच्या वहीवर. जूनमध्ये दिलेलं बियाणं-खत दिवाळीनंतर, कधी संक्रांतीनंतर वसूल होतं, त्यामुळे चालत्या दुकानाबरोबर वही येतेच. ती विकत घेतली तर कास्तकार म्हणतो, "म्या त्यायच्याकडून नेलं, तुमच्याकडून नाही नेलं." तोंडी कबूल केलेली सूट वहीत नसते, बऱ्याच नोंदींवर सही नसते आणि तीन वर्षांपुढचं येणं कोर्टातही टिकणं कठीण. वही विकणाऱ्याकडेच ठेवावी तर तोही वसुलीला तुमच्याच दारात बसतो. मग देणेकरी त्या रस्त्यानेच यायचं टाळतो. म्हणजे ज्या गिऱ्हाइकांसाठी वरकड पैसे मोजले, तेच तुटतात. यावर धड तोडगा मला दिसला नाही, म्हणून मी नवंच थाटलं.

नव्या दुकानालाही उधारीची कीड लागतेच. पहिल्या हंगामात दारात आधी येतो तो बाकीच्यांनी वही बंद केलेला गिऱ्हाईक. त्याला पहिलं वर्ष रोखच. नंतर द्यायचंच तर एकरी मर्यादा घालून, प्रत्येक बिलावर सही घेऊन. विक्री कमी दिसेल आणि दुसऱ्या खरिपापर्यंत घरखर्च दुसरीकडून भागवावा लागेल, ही तयारी नसेल तर नव्याच्या वाटेला जाऊ नये.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात गणित थोडं वेगळं असू शकतं. तिथे बागेला खत-फवारणी वर्षभर लागते, त्यामुळे रोखीचं गिऱ्हाईक असलेलं चालतं दुकान वाजवी भावात मिळालं तर विचार करायला हरकत नाही. तिथेही सौदा जागा, फर्निचर आणि मोजलेला साठा एवढ्याचाच करावा. जागामालकाचा भाडेकरार आधी आपल्या नावाने करून घ्यावा आणि किमतीचा शेवटचा हप्ता आपला कीटकनाशकाचा परवाना हाती येईपर्यंत राखून ठेवावा. विकणारा याला तयार नसेल, तर त्याच रस्त्यावर दुसरा गाळा पाहावा.