पत्र्याखालचा किंगस्नेक की ब्रीडरकडचा?

सॅन डिएगोतल्या मराठी घरांतून मला अधूनमधून एकच प्रश्न येतो. मुलाला साप पाळायचाय, तोही ‘इथलाच’, म्हणजे आपल्या गावच्या रंगरूपाचा कॅलिफोर्निया किंगस्नेक. मग तो शोधून आणायचा की ब्रीडरकडून, म्हणजे पिलं काढून विकणाऱ्याकडून, विकत घ्यायचा? आणि पुढेमागे त्याची पिलं काढायची झाली तर?

पुण्या-साताऱ्यात हा प्रश्नच उठत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे देशी साप घरी ठेवता येत नाही, मग ती साधी धामण का असेना. सर्पमित्र साप धरतो तो परत सोडण्यासाठी. कॅलिफोर्नियात मात्र चक्क मासेमारीच्या परवान्यावर किंगस्नेक धरता येतो, आणि इथे सगळ्यात कडक मनाई आहे ती सोडण्याला. एकदा घरात आणलेला साप, किंवा घरात जन्मलेलं त्याचं पिलू, लेखी परवानगीशिवाय पुन्हा रानात सोडता येत नाही. ‘आवडला नाही तर जिथून आणला तिथे सोडून येऊ’ हा हिशेब आधीच डोक्यातून काढून टाका. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो.

साप मूळचा नेमक्या कुठल्या मुलखातला, याला साप पाळणारे ‘लोकॅलिटी’ म्हणतात. ते थोडक्यात सांगतो. लॅम्प्रोपेल्टिस कॅलिफॉर्निए ही एकच जात, पण दर मुलखात तिचा पेहराव वेगळा. वाळवंटाकडचे साप काळेभोर आणि त्यावर स्वच्छ पांढरे पट्टे. किनाऱ्याकडचे तपकिरी-सायीच्या रंगाचे. मध्य कॅलिफोर्नियातल्या गस्टीन आणि लॉस बॅनोसच्या बाजूला पोट काळपट आणि पट्टे विस्कटलेले. सॅन डिएगोत तर आडवे पट्टेवाले आणि पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ असलेले, असे दोन्ही मिळतात. एके काळी हे दोन वेगळे साप समजले जात. लॉरेन्स क्लॉबर यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही प्रकारची पिलं निघतात. हे क्लॉबर पेशाने इंजिनीअर, सॅन डिएगोच्या वीज कंपनीत नोकरीला, आणि साप हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. आपल्यातल्या आयटीवाल्यांना एवढा दिलासा पुरे.

आता शोधण्याबद्दल. शहरातला किंगस्नेक जंगलापेक्षा कचऱ्यात जास्त सापडतो. पडीक प्लॉटमधली प्लायवूडची फळी, गंजका पत्रा, रुळांच्या कडेचा भराव, घरांच्या मागची कॅन्यनची, म्हणजे घळीची, उतरण. फेब्रुवारी ते मे हा खरा मोसम. रात्री गारवा, सकाळी ऊन, पत्रा कोमट झाला की साप त्याखाली येऊन अंग शेकतो. जूननंतर तोच पत्रा तव्यासारखा तापतो आणि खाली काही उरत नाही. फळी उचलताना पलीकडची कड आपल्याकडे ओढायची, म्हणजे फळीचा आडोसा आपल्या आणि सापाच्या मध्ये राहतो. खाली रॅटलस्नेक असू शकतो, ब्लॅक विडो कोळी तर हमखास. हातमोजे आणि हूक (साप उचलायची आकड्याची काठी) हवेतच. आणि फळी होती तशीच परत ठेवायची. तिच्याखालची ओल एकदा उडाली की ती जागा त्या वर्षापुरती गेली. हे न पाळणाऱ्यांमुळे माझ्या दोन चांगल्या जागा वाया गेल्या.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण कायदेशीर जागा फार थोड्या आहेत. स्टेट पार्क, नॅशनल पार्क, इकॉलॉजिकल रिझर्व्ह इथून काहीही उचलायचं नाही. कितीतरी कॅन्यन शहराच्या राखीव मोकळ्या जागांत मोडतात, त्या वगळा. पडीक प्लॉट पडीक दिसला तरी त्याला मालक असतो, त्याची परवानगी घ्या. परवाना सोळा वर्षांपासून पुढे लागतो, शिवाय घरी किती ठेवायचे याला मर्यादा आहे. नियम दर वर्षी छापले जातात. त्या वर्षीचे वाचूनच बाहेर पडा.

स्वतः शोधलेल्या सापाची खरी किंमत एकच: तो कुठल्या फळीखाली, कोणत्या दिवशी मिळाला हे तुम्हाला ठाऊक असतं, कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. निदान मला तसं वाटायचं. मग एका वसाहतीमागे मला पांढराफटक, लाल डोळ्यांचा किंगस्नेक मिळाला. उघडच कुणाच्या तरी घरातून निसटलेला. त्या दिवसापासून शहरात सापडलेल्या प्रत्येक सापाबद्दल मनात एक शंका राहतेच. अल्बिनो ओळखू येतो, पण ॲरिझोनाच्या वंशातला साधा पट्टेरी साप पिंजऱ्यातून सुटून तुमच्या कॅन्यनमध्ये राहत असेल तर तो ओळखायचा कसा? लोक शहरातल्या सापांची लोकॅलिटी अभिमानाने सांगतात, पण पाळीव साप सुटतात ते शहरातच. डोंगरात आडवाटेला सापडलेला साप या बाबतीत जास्त खात्रीचा.

तब्येतीचं म्हणाल तर रानातल्या सापाबरोबर गोचिडी, माइट्स, पोटात जंत असं बरंच घरात येतं. कॅलिफोर्नियात सापांचा बुरशीजन्य रोग पहिल्यांदा सापडला तो 2019 मध्ये, प्लिमथजवळच्या एका किंगस्नेकमध्येच. नव्या सापाला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचं, वेगळा हूक, वेगळं पाण्याचं भांडं. जेवणाचा प्रश्न मात्र मोठ्या सापांत सहसा येत नाही. किंगस्नेक हा खादाड गडी.

ब्रीडरकडचा साप या बाबतीत सोपा. अंड्यातून आल्यापासून डब्यात वाढलेला, माणसाच्या हाताला सरावलेला, वितळवलेले उंदीर खाणारा. घेताना पिलाने सलग पाच-सहा वेळा खाल्ल्याची नोंद मागा. काही पिलांना रानातल्या सवयीने पालच हवी असते, ती उंदराच्या पिलाकडे ढुंकून बघत नाहीत. नवख्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. (फ्रीझरमध्ये पुरणपोळ्यांशेजारी उंदीर ठेवायचे का, यावर घरात चर्चा होणारच. छोटा वेगळा फ्रीझर घ्या आणि श्रावणाआधी घ्या.)

इथे घोटाळा लेबलात असतो. ‘सॅन डिएगो’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. या एका काउंटीत समुद्रकिनारा आहे, 1,900 मीटरपेक्षा उंच डोंगर आहेत आणि बोरेगोचं वाळवंटही आहे. मूळ जोडी कुठून आली, कोणत्या वर्षी, मध्ये किती पिढ्या झाल्या, बाहेरचा नर कधी मिसळला का, हे विचारा. एका विक्रेत्याने मला ‘किनाऱ्याकडची जोडी’ म्हणून विकलेली मादी पुढे अल्बिनो पिलं देऊन गेली. रंग गोंडस होता, पण लोकॅलिटीच्या नावाने शून्य. चांगला ब्रीडर अशा प्रश्नांनी खूश होतो. जो वैतागतो त्याच्याकडून नमस्कार करून बाहेर पडा.

पिलं काढायची असतील तर तराजू ब्रीडरच्या बाजूला आणखी झुकतो. मादी साधारण तीन वर्षांची आणि अंगाने भरलेली हवी. हिवाळ्यात आधी दोन आठवडे खाणं थांबवून दोन-तीन महिने 10 ते 13 अंश सेल्सियसला अंधारात झोपू द्यायचं. मार्च-एप्रिलमध्ये जोडी एकत्र करायची, तीही दोघांना भरपेट खायला घालून. किंगस्नेक इतर साप खातो, रॅटलस्नेकचं विष त्याला फारसं बाधत नाही, आणि भुकेल्या मादीला नवरदेव आणि जेवण यांतला फरक कळेलच असं नाही. म्हणून नजर हलवायची नाही. पुढे सहा-आठ आठवड्यांत पाच ते बारा अंडी, ती दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या भुसभुशीत खनिजात) 27-28 अंशांना ठेवली की सुमारे दोन महिन्यांनी फूटभर लांबीची पिलं बाहेर येतात. प्रत्येकाला वेगळा डबा. नाहीतर सकाळी एक कमी आणि एक जाड.

आता ती बारा पिलं जाणार कुठे? परवान्यावर धरलेल्या सापाची पिलं विकता येत नाहीत, आणि 45 दिवसांच्या आत दुसऱ्या व्यक्तीला किंवा शैक्षणिक संस्थेला द्यावी लागतात. देशी किंगस्नेकची पिलं विकायची तर राज्याचा प्रजननाचा वेगळा परवाना लागतो. दुसऱ्या राज्यात पाठवायची तर तिथला कायदा वेगळा. जॉर्जियात बिनविषारी देशी साप पाळायलाच बंदी आहे. आवडीपायी ज्यांनी घरचीच जोडी लावली त्यांच्या गॅरेजमध्ये मी डब्यांचे थर पाहिले आहेत.

म्हणून माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. पहिला साप असेल, घरात मूल असेल, तर कागद नीट असलेलं ब्रीडरकडचं पिलू घ्या आणि फेब्रुवारी उजाडला की मुलाला घेऊन कॅमेऱ्यासह फळ्या उचलायला जा. एकच अपवाद मी मानतो: ज्या प्लॉटवर बुलडोझर येण्याची तारीख ठरली आहे, मालकाची परवानगी आहे, आणि नोंदी ठेवण्याची चिकाटी तुमच्याकडे आहे. तिथला साप पुढच्या वर्षी तिथे असणारच नाही. तसा प्लॉट नसेल तर शहरात चहूकडून रस्त्यांनी वेढलेल्या तुकड्यातून एक प्रौढ मादी उचलणं म्हणजे तिथल्या पुढच्या कित्येक वर्षांची पिलं उचलणं.

कुठलाही घ्या, डब्याला कुलूप लावा. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर सुटलेल्या पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेकांनी 1998 नंतर बस्तान बसवलं आणि ते जिथे जिथे पसरले तिथून बेटावरच्या मोठ्या सरड्यांचा जवळपास सफाया झाला. त्यांत उभ्या रेघेचे आणि अल्बिनोही आहेत.

साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने पहिल्या दिवशी डब्यातला काळा-पांढरा पट्टेरी साप पाहिला आणि दारातूनच ओरडली, “अरे, मण्यार पाळलीस का रे!” तिला कवड्या आणि मण्यार यांतला फरक चांगला कळतो, पण हा तिसराच. आठवडाभराने तीच रोज विचारायला लागली, “आज कात टाकली का त्याने?” कुलपाची किल्ली मात्र तिने आपल्याकडे ठेवली.