इंदूरचा किशोर अभिनयवर्ग: मराठी पक्की, ऑडिशन कच्ची

इंदूरच्या पश्चिम भागात मराठी वस्ती अजून चांगली टिकून आहे. तिथंच १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हा बारा आठवड्यांचा वर्ग चालतो. शनिवारी आणि रविवारी दोन-दोन तास, म्हणजे २४ सत्रं आणि ४८ तास. फी ९,००० रुपये. ‘ऑडिशन पॅकेज’ घेतलं तर वर ६,५०० रुपये, त्यात फोटो, एक चित्रफीत आणि तीन जादा सत्रं. एका बॅचची काही सत्रं आणि शेवटची चाचणी ऑडिशन आम्ही मागं बसून पाहिली. मत आधीच सांगतो: मूळ वर्ग जरूर घ्या, पॅकेज घेऊ नका.

वर्गाचं बळ भाषेत आहे, आणि इंदूरच्या मुलांना गरजही त्याचीच आहे. इथली मुलं शाळेत, बसमध्ये, मैदानावर हिंदी बोलतात. मराठी उरते घरात, तीही जेवायला बसल्यावर. त्यामुळे ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘च’ सगळीकडे हिंदीतल्या ‘चम्मच’सारखा येतो. वर्ग घेणारे सर पहिल्या आठवड्यापासून दोनच वाक्यं घोटून घेतात. एक, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. दुसरं, ‘चटईला टाचणी टोचली’. ही निवड नेमकी आहे. दुसऱ्या वाक्यातले तिन्ही ‘च’ दंत्य आहेत, जीभ दातांच्या मागं लागली नाही तर ते येतच नाहीत. मग ‘चमचा’ आणि ‘चहा’ शेजारी ठेवून फरक ऐकवतात. जगातला ‘जग’ आणि ‘सुखानं जग’मधला ‘जग’ वेगळे म्हणून घेतात. पुण्या-मुंबईच्या शिबिरांत हे कुणी शिकवत नाही, कारण तिथल्या मुलांना ते आपसूक येतं.

उलट बाजूही सांभाळली आहे. महेश्वर, भोपाळ भागातल्या चित्रीकरणांसाठी इथल्या मुलांच्या ऑडिशन बहुतेक हिंदीत होतात, आणि मराठी घरातलं मूल तिथं ‘है’ला ‘हय’ म्हणतं, ‘और’ला ‘अउर’. ‘ज्ञान’ हिंदीत ‘ग्यान’ व्हायला हवं, ते ‘द्न्यान’ राहतं. हिंदीतला ‘ज़रा’ बऱ्यापैकी निभावतो, कारण मराठी ‘जरा’तला ‘ज’ त्याच्या जवळचा आहे. ‘ज़िंदगी’ला मात्र हमखास घसरतात, कारण मराठीत ‘इ’च्या आधी तसा ‘ज’ येतच नाही. प्रत्येक मुलाच्या वहीत त्याच्या चुकणाऱ्या शब्दांची स्वतंत्र यादी होते. सहाव्या आठवड्यात पाहिलेल्या एका यादीत ३१ शब्द होते, त्यातले अर्ध्याहून जास्त खोडलेले. इंदुरी हेल पुसून टाकायचा सरांचा हट्ट नाही, हेही बरं वाटलं. पात्राला हवा तेव्हा हेल आणता यावा आणि नको तेव्हा बाजूला ठेवता यावा, एवढंच ते मागतात.

या वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वाक्याची शेपटी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही नंतर. नवखं मूल दम संपत आला की तेच गिळतं. एका मुलीला एकटीनं म्हणायला दिलेल्या उताऱ्यात वाक्य होतं, ‘आई, मी त्या घरात परत जाणार नाही.’ सर चौथ्या रांगेत उभे होते, तिथवर पोचलं ते ‘आई, मी त्या घरात परत जाणार’. अर्थ पार उलटा झाला. त्यांनी तिला ओरडायला सांगितलं नाही. ‘त्या घरात’नंतर अर्धा श्वास घ्यायला लावला आणि ‘नाही’ म्हणताना तळहात टेबलावर टेकवायला सांगितला. तिसऱ्या खेपेला हात काढून घेतला, तरी ‘नाही’ शेवटच्या खुर्चीपर्यंत आलं. रवींद्र नाट्यगृहासारख्या मोठ्या सभागृहात उभं राहायचं असेल तर हे एवढं आधी यायला हवं.

श्वासाचे व्यायाम साधे आणि योग्य आहेत. चार मात्रांत श्वास आत, मग ‘स’ लांबवत सोडायचा. सुरुवातीला १० सेकंद, महिन्याभरात २० पर्यंत. नंतर ओठ मिटून ‘म’चं गुंजन. पण एका गोष्टीवर आमचा ठाम आक्षेप आहे. आवाज फुटत असलेल्या मुलांनाही मागच्या भिंतीपर्यंत ओरडायला लावतात. साधारण १२ ते १५ या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एका सप्तकानं खाली येतो. त्या काळात जोर लावला तर घसा बसतो, आणि मुलाला दाबून बोलायची सवय लागू शकते. अशा मुलाला मधल्या पट्टीत, कमी वेळ आणि पाणी पीत काम द्यावं. कुजबुजायला लावणं हाही उपाय नव्हे, त्यानंही घशावर ताण येतो. सहायक ताईंना हे ठाऊक आहे असं दिसलं. त्या सत्र घेतात तेव्हा या मुलांना वेगळं बसवतात.

बॅचमध्ये १८ मुलं आहेत. दोन तासांतली २० मिनिटं शरीर मोकळं करण्यात जातात, ४० आवाजात, २० खेळांत. उरलेल्या ४० मिनिटांत एकेकाला दोन मिनिटं जेमतेम मिळतात. याच फीत १२ मुलं घेतली असती तर प्रत्येकाला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मिळाली असती. एकल उताऱ्याचं काम बघता हा फरक मोठा आहे.

उतारे चांगले निवडतात. सव्वाशे शब्दांच्या आत, म्हणजे पॉज धरून मिनिट-सव्वा मिनिट. प्रत्येकाला दोन, एक गंभीर आणि एक हलका, आणि दोन्ही त्या वयाच्या पात्राचे. पंधरा वर्षांच्या मुलाला पांढऱ्या मिशा लावून म्हाताऱ्या राजाचं स्वगत देण्याचा प्रकार इथं नाही.

बिघडतं ते पुढं. उतारा ‘बसवतात’. कुठल्या शब्दावर उजवा हात, कुठं दोन पावलं पुढं, कुठं डोळे भरून आणायचे, सगळं आठव्या आठवड्यापर्यंत ठरून जातं. स्नेहसंमेलनात ते छान दिसतं. ऑडिशनमध्ये मात्र समोरचा माणूस पहिल्या वाचनानंतर जवळजवळ नेहमीच म्हणतो, ‘आता हेच वेगळं करून दाखव.’ त्याला हावभाव बघायचे नसतात, मूल सूचना घेऊ शकतं का ते बघायचं असतं. चाचणी ऑडिशनला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच केलं: बसून बोल, हात मांडीखाली ठेव, शेजारी धाकटा भाऊ झोपलाय. एका मुलाचा हात ‘रस्ता’ या शब्दावर ठरल्याप्रमाणे उठायला निघाला, मांडीखाली अडकला, आणि पुढचं वाक्यच गेलं. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा ‘रस्ता’पाशीच थांबला. बहुतेकांचं असंच झालं. दोष मुलांचा नाही. पाठांतर हालचालींना बांधलेलं होतं, हालचाल काढली की शब्दही निघाले.

यावर इलाज घरीच करता येतो. उतारा आधी सपाट, भावनेशिवाय पाठ करायचा: कपड्यांच्या घड्या घालताना, जिना चढताना, सायकलवर. शब्द हातापायांपासून सुटे झाले की तोच उतारा तीन तऱ्हांनी म्हणायचा. एकदा समोरच्याकडून काही मागताना, एकदा काही लपवताना, एकदा निरोप घेताना. हालचाल रोज वेगळी झाली तरी चालेल. रोज १५ मिनिटं पुरतात. सरांनी आठव्या आठवड्यानंतर एवढंच घेतलं तर वर्गाचा चेहरा बदलेल.

अनोळखी कागद हातात देऊन वाचायला लावण्याचा सराव २४ पैकी फक्त दोन सत्रांत झाला, तोही घाईत. निदान सहा सत्रं हवीत. पाच मिनिटं मिळाली तर पहिल्या वाचनात कोण कुणाकडून काय मागतंय ते शोधायचं, दुसऱ्यात श्वासाच्या जागी पेन्सिलनं रेघ मारायची, तिसऱ्यात प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द नजर वर करून म्हणायचे. अंगठा समासात चालू ओळीपाशी ठेवला की नजर परत बरोबर जागी येते. कागद छातीच्या उंचीवर धरायचा, तोंडासमोर नाही.

आता पॅकेज. चित्रफीत रात्री, ट्यूबलाइटखाली घेतात. चेहऱ्यावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रण त्याच्याशी जुळत नाही. फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. त्याहून सोपं म्हणजे सकाळी खिडकीकडे तोंड करून उभं राहणं. फोन आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, मागं साधी भिंत, चौकट छातीपासून वर. पंखा बंद. समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्यानं फोनच्या बाजूला बसून हळू वाचावं, तो माइकजवळ असल्यानं त्याचाच आवाज मोठा येतो. नजर लेन्सच्या शेजारी, लेन्समध्ये नाही. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव सांगून दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवायचा. तेवढ्यापुरतं मात्र लेन्समध्ये बघायचं. हे सगळं घरी एका सकाळी होतं. शिवाय पॅकेजच्या फोटोंत मेकअप इतका आहे की चौदा वर्षांची मुलगी वीस वर्षांची दिसते. तो फोटो बघून बोलावणाऱ्याला प्रत्यक्षात दुसरीच मुलगी भेटते.

पत्रकात ‘राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची तयारी’ असंही छापलंय. दिल्लीच्या त्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, वय किमान १८ लागतं, आणि किमान सहा नाट्यप्रयोगांत काम केलेलं असावं लागतं. नववीतल्या मुलाची त्यासाठी आजची तयारी एवढीच: ज्या नाटकात काम केलं त्याचं पत्रक, प्रमाणपत्र आणि बातमीचं कात्रण एका फाइलमध्ये लावत जाणं. बारावीनंतर लगेच नाटकच शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा नाट्यविभाग बघावा. तिथं पदवी करता येते, आणि इंदूरहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं.

पालकांसाठी दोन गोष्टी. ऑडिशनचे किंवा ‘नोंदणी’चे पैसे मागणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका, काम देणारा पैसे घेत नाही. आणि मूल चौदाच्या आतलं असेल तर चित्रीकरणाला नियम आहेत: निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. वर्गात यातलं काहीच सांगत नाहीत. शेवटच्या रविवारी पालकांना बोलावतात, तेव्हा अर्ध्या तासात हे सांगून होईल.

फी दोन हप्त्यांत घेतात, पावती मागितल्यावर देतात. पहिलं सत्र फुकट बसता येतं. दहावी-बारावीच्या मुलांनी जानेवारीची बॅच घेऊ नये, फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा लागतात आणि शेवटचे सहा आठवडे बुडतात. एप्रिलची बॅच घ्यावी. तेव्हा गर्दीही कमी असते, १८ऐवजी १३-१४ मुलं.