दहावीचं गणित: चॅप्टरवार सराव की मिसळून सराव?

चतुर्थी आटोपली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दहावीच्या पोरांच्या घरी एकच विषय, गणिताचं काय करायचं. साहित्य तसं सगळ्यांकडे सारखंच असतं, एनसीईआरटीचं पुस्तक, एखादं गाइड, क्लासच्या शीट्स आणि झेरॉक्सवाल्याकडे मिळणारे जुने पेपर. फरक पडतो तो हे सगळं कुठल्या क्रमाने सोडवायचं यात. आमच्या घरी थोरलीच्या वेळी दोन्ही प्रकार करून झाले, आता भाचा दहावीला आहे, त्यामुळे जे बघितलं ते लिहितोय.

चॅप्टरवार म्हणजे बहुतेक सगळे करतात तेच. क्वाड्रॅटिक घेतलं की त्याचे सगळे एक्सरसाइज संपवायचे, मग पुढचं. याला नावं ठेवायचं कारण नाही. नवीन चॅप्टर असेल तर याच पद्धतीने हात बसतो, एकाखाली एक दहा-पंधरा इक्वेशनं सोडवली की मधली टर्म कशी फोडायची ते बोटांना कळायला लागतं. पोर एकटं बसून करू शकतं, कुणी मोठं माणूस शेजारी लागत नाही, आणि पोर्शन किती झाला ते वही बघून लगेच समजतं. ज्याला चिन्हांचे घोळ होतात, अपूर्णांक अजून जड जातात, त्याने आधी हेच करावं असं मला वाटतं.

पण एका गोष्टीने मला खूप त्रास दिला. एक्सरसाइजच्या वर चॅप्टरचं नाव छापलेलं असतं! म्हणजे गणित वाचायच्या आधीच पोराला माहीत असतं की इथे काय वापरायचंय. त्रिकोणांच्या चॅप्टरात एक गणित आहे, ६ मीटरच्या खांबाची सावली ४ मीटर पडते, त्याच वेळी टॉवरची सावली २८ मीटर, तर टॉवर किती उंच. चॅप्टर चालू असताना थोरलीने हे चुटकीसरशी केलं, दोन्ही त्रिकोण सिमिलर, ६ भागिले ४ गुणिले २८, उत्तर ४२ मीटर. पुढे डिसेंबरात तेच गणित मी कागदावर नुसतं लिहून दिलं तर ती टॅन शोधत बसली, कारण मधे ट्रिग्नॉमेट्रीचे टॉवर होऊन गेले होते, पायथ्यापासून १५ मीटर लांब, कोन ६० अंश, उंची १५ रूट ३, असले. टॉवर दिसला की टॅन, असं डोक्यात बसलेलं. कोन कुठाय म्हणून ती दोनदा गणित वाचते आणि मग विचारते, "पपा, हे कुठल्या चॅप्टरातलं?"

हाच प्रश्न. रेल्वेच्या गणितालाही तोच, ३६० किलोमीटर अंतर, वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर १ तास कमी लागला असता, मग मूळ वेग किती. क्वाड्रॅटिकच्या खाली छापलेलं असलं की पटकन x मानून मांडलं जातं आणि ४० येतात, पण सुटं दिलं की दोन अज्ञात घेऊन लिनिअर इक्वेशनं मांडायला जातात आणि x आणि y चा गुणाकार आला की अडकतात. पेपरात प्रश्नावर चॅप्टर लिहिलेला नसतो, तिथे ओळखणं हेच अर्धं काम आणि चॅप्टरवार सरावात नेमकं तेवढंच काम पोराला कधी करावं लागत नाही. वहीभर बरोबरच्या खुणा असूनही प्रिलिमला मार्क का कमी, याचं उत्तर मला तरी इथे सापडलं.

मिसळून करायचं म्हणजे आम्ही असं केलं, एक्सरसाइजच्या पानांची झेरॉक्स काढली आणि एकेक गणित कात्रीने कापून पट्ट्या केल्या, मागे पेन्सिलने उत्तर लिहिलं आणि सगळ्या एका डब्यात. नुसता पान नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या केल्या तर उपयोग नाही, पुस्तक उघडलं की वरचं नाव दिसतंच. रोज डब्यातून पाच-सहा पट्ट्या काढायच्या आणि पेन उचलायच्या आधी तोंडाने सांगायचं की काय वापरणार आणि का. चुकलेली पट्टी परत डब्यात, बरोबर आलेली बाजूला, पण तीही महिन्याने परत आत.

यात त्रास आहे, तो लपवत नाही. कापाकापी कुणीतरी मोठ्याने करावी लागते, वेग कमी होतो, आणि सुरुवातीला चुका इतक्या होतात की पोर वैतागतं, आपल्याला काहीच येत नाही असं त्याला वाटायला लागतं. भाच्याने पहिल्याच आठवड्यात डबा सरकवला आणि म्हणाला, "मामा, क्लासची शीटच बरी." त्या वेळी घरच्यांनी धीर धरला पाहिजे, कारण पुढे फरक दिसतो. जूनमध्ये झालेले रिअल नंबर्स जानेवारीत कोरे झालेले असतात, ते या पट्ट्यांमुळे अधूनमधून वर येत राहतात.

अमेरिकेत फ्लोरिडात डग रोहरर नावाच्या प्राध्यापकांनी सातवीच्या मुलांवर हेच करून बघितलं होतं, २०१५ मध्ये छापून आलं. एक-एक प्रकार करून सराव केलेल्यांना महिन्याने घेतलेल्या परीक्षेत सरासरी ४२ टक्के आणि मिसळून केलेल्यांना ७४. आपली दहावी वेगळी, पोर्शन वेगळा, म्हणून तेवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही, पण थोरलीच्या बाबतीत प्रिलिमपासून बोर्डापर्यंत जे बघितलं ते त्याच दिशेचं होतं.

जुने पेपर हाही मिसळलेलाच सराव, फक्त ते मोजकेच असतात, एकदा सोडवले की गणितं ओळखीची होतात. म्हणून ते जानेवारीनंतर घड्याळ लावून सोडवायला ठेवावेत. जत्रांच्या दिवसांत घरात पाहुणे असले आणि सलग बसणं जमत नसलं तर पट्ट्याच बऱ्या, अर्ध्या तासात चार होतात.

दोन्हींतलं एकच धरायचं असेल तर माझं माप डब्याकडे झुकतं, निदान तीन चॅप्टर शिकवून झालेल्या पोरासाठी तरी. नवीन चॅप्टर आला की चार दिवस तो चॅप्टरवार करून घ्यावा आणि लगेच त्याच्या पट्ट्या कापून आत टाकाव्यात. प्रूफं मात्र डब्यात घालू नका. थेल्सचा थिअरम किंवा रूट २ इरॅशनल आहे हे, यांत ओळखण्यासारखं काही नसतं, तिथे पायऱ्या क्रमाने आणि कारणांसकट याव्या लागतात, आणि त्या कोऱ्या कागदावर परत परत लिहूनच बसतात.